प्रयोग ओळखा

उदगीर तहसीलच्या कुंपणाला लागून
माझं टेबल, एक पाय विटेवर.
पाटीवर लिहिलंय: अर्ज, शपथपत्र, खुलासा.
खाली बारीक अक्षरात: शुद्ध मराठीत.
हे ‘शुद्ध’ मी स्वतः रंगवलो.
रंगवलं.

बी.ए.ला व्याकरणात सत्तर मार्क होते मला.
कांडगिरे सर फळ्यावर खडू आपटून सांगायचे:
भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही,
ते कर्माच्या मागं जातं.
मी चहा केला. मी भाजी केली. मी पोहे केले.
करणारा कोणी का असेना, बाई की बुवा,
चहा आला की केला.
आम्ही वहीत उतरवून घेतलं
आणि सुट्टीत टपरीवर गाठून विचारलं,
सर, मी चहा घेतलो, तुम्ही?
सर म्हणाले, मी बी घेतलो.

आमच्या भागात क्रियापद माणसाला सोडत नाही.
भाऊ म्हणतो, मी गाडी धुतलो.
आई म्हणायची, मी भाकरी केले.
पंचवीस भाकरींचं अनेकवचन
चुलीपुढच्या एका बाईसमोर गप्प.
कोणी म्हणतं कानडीचा शेजार,
कोणी म्हणतं दखनीची संगत.
कुणाकडून उसनं आणलं, आता आठवत नाही.
परत मागायला अजून कोणी आलेलं नाही.

चौदा वर्षं मी हेच दुरुस्त करायलो.
‘मी पैसे दिलो’.
एक काना खोडायचा, झालं: दिले.
‘मी सही केलो’ला काना-मात्रा पुसून वेलांटी.
आणि साहेब जुन्या वळणाचा असला तर
‘माझ्याकडून सही करण्यात आली’.
माणूस टेबलापर्यंत येतो धडधाकट,
चप्पल वाजवत, घसा खाकरत,
आणि कागदावर उतरता उतरता
पैशात, सहीत, सातबाऱ्यात विरून जातो.
वीस रुपये पान.

मंगळवारी तोंडचिरच्या शेषाबाई गुरनाळे आल्या.
बांधावरची बाभळ. चुलतदिराची तक्रार.
तलाठ्याला लेखी खुलासा हवा होता.
मी सवयीनं म्हणालो,
‘सदर झाड पडलेल्या स्थितीत आढळून आले’,
असं लिहू का? कोणावर येत नाही.
पडलं नाई वो, त्या म्हणाल्या, मी तोडले.
कोणी हात लावला असंल?
कोण लावतंय? तीन दिस लागले.
तुरीवर सावली धरायलतं. मी तोडले.
कुऱ्हाड बी माझीच, ते बी ल्हेवा.

मी पेन उचललो.
मी झाड तोडले.
झाड: नपुंसकलिंगी, एकवचन. तोडले.
शेषाबाई: स्त्रीलिंगी, एकवचन. तोडले.
पुन्हा तपासलं.
खोडायला काना नाही,
द्यायला वेलांटी नाही.
सर असते तर म्हणाले असते, कर्मणी, पुढचं वाक्य.
आणि ही बाई समोर उभी,
हातावरचे काट्यांचे ओरखडे अजून ओले,
तिच्या तोंडी ते अख्खं तिचं.
एका मात्रेखाली बाभळही मावली, बाईही,
आणि तलाठ्याला कधी कळणार नाही
त्यानं कोणाला वाचलं.

काय बघायलाव? चुकलं का?
नाही, म्हणालो.
मग वाचून दाखवा.
दाखवलं. परत वाचा म्हणाल्या.
दुसऱ्यांदा त्या डोळे मिटून ऐकल्या,
मान हलवल्या,
आणि सही केल्या: ‘शे’ मोठा, ‘षा’ त्याहून मोठा,
‘बाई’ला कागद पुरला नाही, ती कडेनं वर चढली.

पदराच्या गाठीतून वीसची नोट निघाली.
माझ्या चौदा वर्षांत पहिलं वाक्य,
ज्यात मी अक्षर बदललं नव्हतं.
वीस रुपये.
मी घेतलो.